भावदर्शक इंग्रजी क्रियापदे: गट वहीत करा, पाठांतर फरकाचे करा

'लाफ' म्हणजे हसणे, हे पाचवीतल्या मुलालाही येते. त्यापुढे गिगल, चकल, ग्रिन, बीम, स्मर्क असे शब्द एका ओळीत लिहून समोर फक्त 'हसणे' लिहिले, की यादी तयार होते आणि नुकसान तिथूनच सुरू होते. मग निबंधातले पंचाहत्तरीचे आजोबा 'गिगल' करतात आणि बक्षीस मिळालेल्या मुलीची आई 'स्मर्क' करते. गिगल म्हणजे खुदुखुदु हसणे. ते बहुधा लहान मुलांना किंवा अवघडलेल्या माणसाला शोभते. आजोबांसाठी 'चकल', म्हणजे मनाशीच, हलक्या आवाजात हसणे, जास्त जवळचे. स्मर्क म्हणजे स्वतःवर खूश होऊन, समोरच्याला कमी लेखत ओठांतल्या ओठांत हसणे. आईला तिथे 'बीम' हवे होते, म्हणजे चेहरा फुलून येणे.

अर्थानुसार गट करणे चांगलेच आहे. पण गटातले सगळे शब्द एकाच दिवशी पाठ करणे चांगले नाही. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत हेच दिसले: एका अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकताना, एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या तुलनेत, जास्त उजळणी लागते. कारण उघड आहे. जवळच्या अर्थाचे शब्द अजून डोक्यात पक्के बसलेले नसतात, आणि ते एकमेकांची जागा घेतात. म्हणून गट वहीत ठेवावा, पण शब्द एकेक करून, अंतर ठेवून घ्यावेत. आणि प्रत्येक वेळी पाठ करायचा तो फरक.

वही कशी आखावी

शंभर पानी वही पुरते. एका गटाला समोरासमोरची दोन पाने द्या: बघणे, चालणे, बोलणे, हसणे-रडणे, राग, भीती, ओढ, तिटकारा. एका गटात सहा ते आठच क्रियापदे ठेवा. दहाच्या वर गेलात, तर शेवटची दोन-तीन कधीच वापरली जाणार नाहीत.

प्रत्येक क्रियापदापुढे पाच गोष्टी हव्यात. त्याच्या सर्वांत जवळचे मराठी क्रियापद किंवा वाक्प्रचार. गटातल्या इतरांपेक्षा वेगळे काय. त्याच्यामागे थेट कर्म येते की ॲट, टु, फॉर यांपैकी काही लागते. भूतकाळाचे रूप आणि त्याचा उच्चार. आणि तुमच्या रोजच्या जगण्यातले एक वाक्य. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि बाजारातल्या बहुतेक शब्दयाद्या नेमक्या त्याच दोन गोष्टी गाळतात.

पहिल्या दिवशी गटातला एकच शब्द घ्या, तोही सर्वांत जास्त वापरातला. दोन-तीन दिवस तो बोलण्यात-लिहिण्यात आणा. तो हाताशी बसला की दुसरा घ्या आणि त्याच दिवशी दोघांतला फरक एका मराठी वाक्यात लिहा. दरम्यान वेगळ्या गटातला एखादा शब्द चालू ठेवायला हरकत नाही. बघण्यातला एक, रागातला एक आणि चालण्यातला एक, अशी तीन घरांतली तीन माणसे एकमेकांत मिसळत नाहीत.

नमुन्यासाठी एक गट: बघणे

सुरुवात 'स्टेअर'ने करा. टक लावून बघणे, बराच वेळ, नजर न हलवता. आश्चर्याने, विचारात हरवून किंवा उद्धटपणे, काहीही चालते. मागे ॲट येते: 'ही स्टेअर्ड ॲट द बिल.' या शब्दावर बाकीचे मोजता येतात.

'ग्लेअर' म्हणजे डोळे वटारून बघणे. त्यात राग असतोच, तो वेगळा सांगावा लागत नाही. म्हणून 'ग्लेअर्ड अँग्रिली' लिहिले की दुसरा शब्द वाया जातो. 'गेझ'मध्ये नजर तितकाच वेळ खिळलेली असते, पण मन गुंतलेले असते. समुद्राकडे, बाळाच्या चेहऱ्याकडे, दूर डोंगराकडे माणूस गेझ करतो. बसच्या वेळापत्रकाकडे गेझ केले असे कुणी लिहीत नाही.

'ग्लान्स' आणि 'ग्लिम्प्स' ही सर्वांत जास्त चुकणारी जोडी. ग्लान्स म्हणजे मुद्दाम, पण चटकन नजर टाकणे. मागे ॲट लागते: 'शी ग्लान्स्ड ॲट हर वॉच.' ग्लिम्प्स म्हणजे ओझरते दिसणे. तिथे बघणाऱ्याचा हेतू नसतो, वस्तू क्षणभर नजरेला पडते. म्हणून त्याला थेट कर्म लागते आणि ॲट लागत नाही. बोलण्यात ते क्रियापद म्हणून कमी येते. 'कॉट अ ग्लिम्प्स ऑफ' हीच रचना जास्त रुळलेली आहे. लोकलच्या दारातून खाडी ओझरती दिसली तर कॉट अ ग्लिम्प्स; लोकल आली का म्हणून इंडिकेटरकडे पाहिले तर ग्लान्स.

'पीअर' म्हणजे नीट दिसत नाही म्हणून डोळे ताणून बघणे. अंधार, धुके, चष्मा विसरणे, बारीक अक्षर यांपैकी काही तरी अडचण वाक्यात असावी लागते. मागे इन्टू, थ्रू किंवा ॲट येते. 'पीप' म्हणजे फटीतून किंवा आडोशाने, दिसू न देता डोकावणे. 'गेप' म्हणजे तोंडाचा आ वासून बघणे.

आता हे आठ शब्द एकमेकांपासून कशाने वेगळे झाले ते पाहा: किती वेळ, मुद्दाम की नकळत, कोणती भावना, आणि अडथळा आहे का. याच चार प्रश्नांनी गट उलगडतो. दुसऱ्या गटात प्रश्न थोडे बदलतात. बोलण्यात आवाजाची पट्टी आणि स्पष्टता येते, चालण्यात वेग आणि पायांची अवस्था येते. गट हाती घेतल्यावर आधी हे प्रश्न शोधा, मग शब्द घ्या.

चालणे: मराठीतला 'त' इंग्रजीत कुठे जातो

'तो लंगडत खोलीबाहेर गेला.' या वाक्यात मुख्य क्रियापद 'गेला' आहे. ते दिशा सांगते. कसा गेला, ते 'लंगडत'मध्ये आले. इंग्रजी हेच उलट करते: 'ही लिम्प्ट आउट ऑफ द रूम.' कसा गेला ते मुख्य क्रियापदात, आणि दिशा आउट ऑफमध्ये. लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या भाषांची अशी विभागणी मांडली. इंग्रजी, जर्मन यांसारख्या भाषा गतीची ढब क्रियापदातच भरतात. इतर अनेक भाषा क्रियापदात दिशा ठेवतात आणि ढब बाजूला जोडतात.

मराठी माणसाच्या इंग्रजीत 'वेंट' आणि 'केम' यांचा पूर येतो, तो इथून. उपायही इथेच आहे. मराठी वाक्यातला 'त'कारान्त शब्द उचला, त्याचे इंग्रजी क्रियापद करा, आणि 'गेला-आला'ऐवजी इन्टू, आउट ऑफ, अक्रॉस, अप, डाउन, पास्ट यांपैकी योग्य ते लावा. थकून पाय ओढत घरी आला: 'ही ट्रज्ड होम.' झोकांड्या खात रस्ता ओलांडला: 'ही स्टॅगर्ड अक्रॉस द रोड.' चवड्यांवर चालत बाळाच्या पाळण्याजवळून गेली: 'शी टिपटोड पास्ट द क्रेडल.' लांब ढांगा टाकत आत आला: 'ही स्ट्रोड इन.' रमतगमत चौपाटीवरून फिरलो: 'वी स्ट्रोल्ड अलाँग द बीच.'

रोज पाच मराठी वाक्ये अशी उलटवली, तर पंधरवड्यात 'वेंट'ची संख्या आपोआप घटते. एवढी एक सवय शंभर शब्दांच्या पाठांतरापेक्षा जास्त देते. आणि त्यासाठीचे साहित्य मराठीत भरपूर आहे: तुरुतुरु, लुटुलुटु, तरातरा, फरफटत, रेंगाळत, चोरपावलांनी. प्रत्येकाला इंग्रजीत नेमका जोडीदार मिळेलच असे नाही. लुटुलुटु चालणाऱ्या बाळाला 'टॉडल' मिळते. तरातरा जाण्यात राग असेल तर 'स्टॉर्म्ड ऑफ' मिळते, नुसती घाई असेल तर 'हरीड ऑफ' बरे.

बोलणे

कुजबुजणे म्हणजे 'व्हिस्पर': स्वरतंतू न कापवता, नुसत्या श्वासावर बोलणे. 'मटर' म्हणजे पुटपुटणे. आवाज खाली असतो आणि बहुधा नाराजी असते. समोरच्याने ऐकावे अशी इच्छा नसते. 'मंबल' म्हणजे तोंडातल्या तोंडात बोलणे. तिथे रागापेक्षा उच्चार अस्पष्ट असणे महत्त्वाचे. लाजरा मुलगा मंबल करतो, चिडलेला कारकून मटर करतो. 'ग्रंबल' म्हणजे कुरकुर, 'स्नॅप' म्हणजे खेकसणे, 'स्टॅमर' म्हणजे अडखळत बोलणे, 'ब्लर्ट आउट' म्हणजे तोंडून निघून जाणे.

या पूर्ण गटाचे व्याकरण एकच आहे, ते एकदाच शिकावे. बेथ लेविन या भाषाशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये इंग्रजी क्रियापदांचे मोठे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे: अर्थाने जवळची क्रियापदे वाक्यातही बरीचशी सारखी वागतात. बोलण्याच्या ढबीची क्रियापदे माणसाला थेट कर्म म्हणून घेत नाहीत. 'तो मला म्हणाला'वरून 'ही सेड मी', 'ही व्हिस्पर्ड मी' असे लिहिले जाते, दोन्ही चूक. 'ही व्हिस्पर्ड टु मी' हवे. सांगणे म्हणजे 'टेल' मात्र थेट कर्म घेते, म्हणून गोंधळ होतो.

टु आणि ॲट यांनी अर्थ पालटतो. 'शी शाउटेड टु मी' म्हणजे मी लांब होतो, ऐकू जावे म्हणून ती ओरडली. 'शी शाउटेड ॲट मी' म्हणजे ती माझ्यावर ओरडली. स्नॅपला ॲटच लागते, कारण खेकसणे नेहमी कुणावर तरी असते.

कथा लिहिणाऱ्यांना इथे एक विनंती. संवादातल्या प्रत्येक ओळीनंतर नवे क्रियापद घालू नका. 'सेड' वाचकाला टोचत नाही. दहा ओळींत एखादा मटर किंवा स्नॅप आला तर त्याचा परिणाम होतो. दहाही आले तर वाचक माणसांऐवजी शब्दांकडे बघू लागतो.

भावना: कोणाला वाटते आणि कोण वाटायला लावते

सर्वांत जास्त वेळ या गटाला द्या. मराठीत भावना बहुधा माणसाकडे 'येते' किंवा त्याला 'वाटते': मला राग आला, तिला भीती वाटते, त्यांना हेवा वाटतो. इंग्रजीत दोन वेगळी घराणी आहेत. एकात वाटणारा माणूस कर्ता असतो, दुसऱ्यात तो कर्म असतो.

पहिल्या घराण्यात ॲडोअर, चेरिश, एन्व्ही, ड्रेड, लोद, डिस्पाइज, रिझेंट, रिग्रेट येतात. ड्रेड म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची धास्ती. होऊन गेलेल्या गोष्टीला तो चालत नाही. रिझेंट म्हणजे आपल्यावर अन्याय झाला या भावनेने मनात राग धरणे. नुसत्या चिडण्याला तो वापरू नये. लोद म्हणजे तिटकारा, तर डिस्पाइजमध्ये समोरच्याला तुच्छ मानणे येते. चेरिश म्हणजे मनापासून जपणे. आठवणी, मैत्री, जुनी पत्रे यांच्याशी तो बसतो.

मागची रचना अशी: ड्रेड, लोद, रिझेंट यांच्यामागे क्रिया आली तर ती आयएनजी रूपात येते. 'आय ड्रेड गोइंग टु द डेंटिस्ट.' 'लाँग' आणि 'यर्न' म्हणजे आस लागणे. यांना वस्तूसाठी फॉर आणि क्रियेसाठी टु लागते: 'शी लाँग्ड फॉर होम', 'शी लाँग्ड टु गो होम'. 'क्रेव्ह' म्हणजे तल्लफ येणे. त्याला सहसा थेट कर्म येते: 'ही क्रेव्ज टी ॲट फोर.' रिग्रेट दोन्ही घेतो, पण अर्थ बदलून. 'आय रिग्रेट सेलिंग द हाउस' म्हणजे घर विकले याची खंत आहे. 'वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू' ही वाईट बातमी कळवण्याची औपचारिक सुरुवात आहे.

ही क्रियापदे स्थिती दाखवतात. म्हणून 'आय ॲम एन्व्हिंग हिम', 'आय ॲम लोदिंग इट' असे चालू काळात सहसा येत नाहीत. 'मला हेवा वाटतोय'मधला 'तोय' इंग्रजीत न्यायचा मोह टाळा.

दुसरे घराणे म्हणजे फ्राइटन, स्टार्टल, डिलाइट, ॲनॉय, इन्फ्युरिएट, डिस्गस्ट, पझल, ॲस्टॉनिश, एम्बॅरस. इथे कारण कर्ता असते आणि माणूस कर्म असतो: 'द न्यूज डिलाइटेड हर.' मराठीशी या घराण्याची तुलना केली की चूक कुठून येते ते लख्ख दिसते. मराठीत मूळ शब्द 'घाबरणे' आणि त्यावरून 'घाबरवणे'. मूळ 'दचकणे' आणि त्यावरून 'दचकवणे'. इंग्रजीत फ्राइटन म्हणजे मुळातच घाबरवणे, आणि घाबरणे सांगायला 'बी फ्राइटन्ड' करावे लागते. वाट नेमकी उलट. त्यामुळे 'मी घाबरलो' म्हणून 'आय फ्राइटन्ड' लिहिले, तर 'मी घाबरवले' असे होते आणि कुणाला, हा प्रश्न उरतो. वहीत या घराण्याच्या प्रत्येक शब्दापुढे मराठीत 'वणे' किंवा 'आणणे' असलेला अर्थच लिहा: फ्राइटन, घाबरवणे, स्टार्टल, दचकवणे, ॲनॉय, वैताग आणणे, पझल, कोड्यात टाकणे, एम्बॅरस, लाज आणणे. 'घाबरणे', 'लाजणे' असे अर्थ तिथे लिहूच नका.

'आय ॲम बोअरिंग' ही प्रसिद्ध चूकही याच घराण्याची. 'बोअर' म्हणजे कंटाळा आणणे. कंटाळा आणणारा तो बोअरिंग, ज्याला कंटाळा आला तो बोअर्ड. हाच नियम फ्राइटनिंग-फ्राइटन्ड, ॲनॉयिंग-ॲनॉइड, पझलिंग-पझल्ड सगळ्यांना लागू. एकदा 'वणे' लिहायची सवय लागली की हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

राग या पानावर भावनेच्या शब्दांसोबत वागण्याचेही शब्द ठेवा. 'सीद' आणि 'फ्यूम' म्हणजे आतल्या आत खदखदणे, धुसफुसणे. सीदमध्ये राग बाहेर दिसू दिलेला नसतो, फ्यूममध्ये तो थोडाफार जाणवतो. 'लॅश आउट' म्हणजे शब्दांनी किंवा हाताने तुटून पडणे. 'सल्क' म्हणजे फुगून बसणे. याला रुसणे म्हणताना जपा. मराठीत रुसण्यात लाड असू शकतो, लटका रुसवा असतो. सल्कमध्ये बघणाऱ्याची नापसंती असते. मोठ्या माणसाबद्दल सल्क म्हटले तर तो पोरकटपणा करतो आहे, असा टोमणा होतो.

अंगाचे शब्द थोडक्यात. थंडीने 'शिव्हर', भीतीने किंवा रागाने 'ट्रेंबल', किळस किंवा भयानक कल्पनेने एकदाच अंग शहारते ते 'शडर', ओठ किंवा आवाज कापतो तो 'क्विव्हर'. मारायला हात उगारल्यावर अंग चोरले तर 'फ्लिंच'. जखमेवर औषध लागून चेहरा आक्रसला तर 'विन्स'. दुसऱ्याचे वागणे बघून आपल्यालाच ओशाळे झाले तर 'क्रिंज'.

आवाजाची मदत, आणि तिची मर्यादा

ग्लान्स, ग्लेअर, ग्लिम्प्स यांच्यासोबत ग्लो, ग्लीम, ग्लिटर ठेवून बघा. 'ग्ल'ने सुरू होणारे बरेच शब्द प्रकाश किंवा नजरेशी बांधलेले आहेत. 'स्न'ने सुरू होणारे स्निफ, स्नॉर्ट, स्नोअर, स्नीझ, स्नार्ल नाका-तोंडाशी. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये अशा ध्वनिगुच्छांना 'फोनेस्थीम' हे नाव दिले. अनुकरणवाचक शब्दांवर वाढलेल्या मराठी कानाला ही खूण लवकर पटते. पण तिच्यावर अर्थ ठरवू नका. ग्लू आणि ग्लव्ह यांचा प्रकाशाशी संबंध नाही, स्नोचा नाकाशी नाही. आठवायला उपयोग, ओळखायला नाही.

रूपे आणि उच्चार

अनियमित भूतकाळ यमकाने लावा. वीप-वेप्ट, क्रीप-क्रेप्ट, स्वीप-स्वेप्ट एका ओळीत. क्लिंग-क्लंग, फ्लिंग-फ्लंग, स्विंग-स्वंग दुसऱ्या ओळीत. श्रिंकचे श्रँक आणि स्ट्राइडचे स्ट्रोड एकटे ठेवा. ग्रिन, सॉब, स्नॅप, हग, प्लॉड यांना ईडी लावताना शेवटचे व्यंजन दुप्पट होते; इथे स्पेलिंगचे गुण हमखास जातात.

ईडीचे उच्चार तीन. मूळ शब्द क, प, फ, स, श, च अशा अघोष ध्वनीने संपला तर 'ट': गास्प्ट, लाफ्ट, लिम्प्ट. घोष ध्वनीने संपला तर 'ड': सॉब्ड, मंबल्ड, स्टेअर्ड. ट किंवा ड ने संपला तरच 'इड': शाउटिड, प्लॉडिड. 'लाफेड', 'गास्पेड' हे उच्चार स्पेलिंग वाचण्याच्या सवयीतून येतात. शब्द वहीत लिहितानाच शेजारी देवनागरीत उच्चार लिहिला तर ते टळतात.

कोश कोणता आणि कशासाठी

रोजे यांचा १८५२चा समानार्थी कोश आणि त्याच्या वळणाचे आजचे थिसॉरस शब्द अर्थाने एकत्र आणतात, पण त्यांच्यातला फरक सांगत नाहीत. म्हणून थिसॉरसमधून शब्द उचलून थेट वाक्यात टाकू नका. तो विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात उघडा, मागे काय येते ते पाहा, किमान तीन उदाहरणवाक्ये वाचा, आणि तिन्हींत कोण, कुणाला, कशासाठी, हे सारखे आहे का ते तपासा. शब्दापुढे नापसंतीदर्शक, औपचारिक, साहित्यिक अशी खूण असेल तर तीही वहीत उतरवा. नोकरीच्या अर्जात यर्न किंवा ॲडोअर शोभत नाही.

उलट दिशेने जायचे असेल, म्हणजे मराठी शब्दावरून इंग्रजीकडे, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजूनही फार उपयोगी आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ती मोफत शोधता येते. कुरकुरणे, चरफडणे, फणफणणे असे शब्द त्यात बारकाव्यांसह सापडतात. इंग्रजी मात्र एकोणिसाव्या शतकातले आहे, त्यामुळे तिथे मिळालेला प्रत्येक शब्द आजच्या कोशात पडताळूनच घ्या.

दर रविवारी एका गटाची चाचणी घ्या. आठवड्यातल्या तुमच्याच वाक्यांतून क्रियापद गाळा, वाक्ये वेगळ्या कागदावर उलटसुलट क्रमाने लिहा, आणि गटाची यादी न बघता भरा. चुकलेल्या जागी कोणता शब्द लिहिला गेला, ते नोंदवा. ग्लान्सच्या जागी ग्लिम्प्स आला असेल, तर दोन्ही शब्द पुन्हा पाठ करू नका. त्या जोडीच्या फरकाची मराठी ओळ पुन्हा लिहा, प्रत्येकाचे एक नवे वाक्य करा, आणि पुढच्या रविवारी फक्त तीच जोडी तपासा.